कान मराठी, डोळा परका : अँजेलो द फोन्सेका यांच्या चित्रांविषयी

भूमध्य समुद्रातील क्रीट बेटावर १४९९ सालच्या जुलै महिन्यात झालेला एक करार कलेच्या इतिहासकारांना ठाऊक आहे. दोन व्यापाऱ्यांनी तिघा चित्रकारांकडे पवित्र मरियेच्या सातशे प्रतिमांची मागणी नोंदवली. मुदत जेमतेम दीड महिन्याची. त्यांपैकी पाचशे प्रतिमा लॅटिन धाटणीच्या हव्या होत्या आणि दोनशे ग्रीक धाटणीच्या. बेटावर राज्य व्हेनिसचे, राज्यकर्ते रोमन परंपरेचे, तर प्रजा ग्रीक. त्यामुळे तेथील चित्रकाराला दोन्ही हात चालवावे लागत. देवमाता एकच, तिचा पेहराव व तिच्या मुद्रेची ठेवण तेवढी मागणीप्रमाणे बदले. यात देवमातेचा अवमान होतो असे कोणास वाटल्याचे दिसत नाही.

याच बेटावर १५४१ साली दोमेनिकोस थिओतोकोपुलोस जन्मला. जग त्याला 'एल ग्रेको' म्हणजे 'तो ग्रीक' या टोपणनावाने ओळखते. ग्रीक प्रतिमांच्या परंपरेत त्याचा हात तयार झाला, व्हेनिसमध्ये तो रंग शिकला, रोममध्ये काही काळ राहिला, आणि १५७७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १६१४ पर्यंत, स्पेनमधील तोलेदो नगरीत त्याने चित्रे काढली. सही मात्र आयुष्यभर ग्रीक लिपीत केली. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने त्याच्याकडून संत मॉरिसच्या रक्तसाक्ष्याचे चित्र करून घेतले. १५८२ च्या सुमारास ते पूर्ण झाले, राजाला आवडले नाही आणि नियोजित वेदीवर ते कधी लागलेच नाही. त्या मठातील इतिहासकार संन्याशाने या नापसंतीचे कारण सांगताना एक कसोटी नमूद केली. संतांचे चित्र असे असावे की ते पाहून त्याच्यासमोर प्रार्थना करण्याची इच्छा मावळू नये, असा त्याचा आशय आहे. राजाचा निकाल चुकला, हे पुढील काळाने दाखवून दिले. कसोटी मात्र आम्हांस टाकाऊ वाटत नाही. धर्मग्रामात राहून, वेदीसमोर उभे राहून ज्यास चित्रांचा विचार करायचा आहे त्याला ती हाती धरावीच लागते.

हे सारे येथे सांगण्याचे कारण असे की आपल्याही वाट्याला असा एक बेटावरचा चित्रकार आला होता आणि त्याच्या आयुष्याची उत्तम वर्षे आपल्या महाराष्ट्रात गेली. मराठी ख्रिस्ती घरांत मात्र त्याचे नाव फारसे निघत नाही. अँजेलो द फोन्सेका हे ते नाव.

मांडवी नदीच्या मुखाकडील प्रदेशात चोडण, दिवाडी आणि जुवे ही तिसवाडीची बेटे आहेत. नकाशावर ती पसाभर दिसतात. इतिहासात त्यांनी बराच भार वाहिला आहे. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराचे मंदिर पोर्तुगीज अमलात उद्ध्वस्त झाले, देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. याच दिवाडीत १६७६ साली फादर जाकोम गोन्साल्विस जन्मले. संत जोसेफ वाझ यांच्या मागोमाग ते श्रीलंकेत गेले आणि सिंहली भाषेत त्यांनी एवढे व असे लिहिले की तेथील कॅथोलिक साहित्याचा पाया त्यांनीच घातला असे मानतात. एका बेटावरचा माणूस दुसऱ्या बेटाच्या भाषेचा लेखक झाला! जुव्याचे पोर्तुगीज नाव सांतु इस्तेव्ह. सात शिरांच्या भेंडीसाठी ते प्रसिद्ध आहे. आपल्या शहरातील वाचकांसाठी एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. ज्या संभाजी महाराजांचे नाव आज आपल्या शहराला आहे, त्यांच्या फौजेने नोव्हेंबर १६८३ मध्ये जुव्याचा किल्ला एका रात्रीत घेतला होता आणि तो परत मिळवायला आलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयला जखमी होऊन माघारी फिरावे लागले होते. तेव्हा जुव्याशी आपले नाते आजचे नाही. त्याची सुरुवात फारशी सौम्य नव्हती, एवढेच.

या जुव्यात १९०२ साली, एका सुखवस्तू कॅथोलिक कुटुंबात फोन्सेका जन्मले. ते मुंबईस वैद्यक शिकायला गेले. ते सोडून जे. जे. कलाशाळेत गेले, तेथील पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणातही मन रमेना तेव्हा थेट बंगाल गाठून अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. १९३१ च्या सुमारास ते गोव्यात परतले आणि त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली. चित्रात, अर्थातच. गोव्यातील भाविकांना आणि धर्मगुरूंना ते मानवले नाही. टीका इतकी झाली की फोन्सेकांनी गाव सोडले आणि पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात येऊन राहिले. २८ डिसेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत पुणे हेच त्यांचे गाव होते.

हा आश्रम अँग्लिकन पंथीयांचा. त्याचे संस्थापक जॅक विन्स्लो अहमदनगरहून संघ घेऊन पुण्यात आले होते. खादी नेसणारे, जमिनीवर बसून जेवणारे हे इंग्रज रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे भक्त होते. १९२३ साली त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्रही प्रसिद्ध केले. व्हॅटिकन महासभेच्या कितीतरी आधी एक गोवेकर कॅथोलिक चित्रकार अँग्लिकन आश्रमात तीन दशकांहून अधिक काळ राहतो आणि मरिया मातेची चित्रे काढतो, याचे आज आपल्याला नवल वाटत नाही. तेव्हा ते सोपे नव्हते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गोव्याच्या त्याच भूमीत, साष्टीत, फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. ख्रिस्तचरित्रासाठी स्टीफन्स यांनी पुराणाचा घाट घेतला, ओवी घेतली, मराठी भाषेची थोरवी गायिली. आणि भाविकांनी ते पिढ्यान् पिढ्या चर्चमध्ये म्हटले. पुढे टिळकांनी अभंग घेतला. आज आपल्या मराठवाड्यातील कोणत्याही खेड्यात सणाच्या आदल्या रात्री जा. टाळ, ढोलकी, पेटी आणि ख्रिस्ताचे भजन यांत कोणाला काही परके वाटत नाही. आपला कान चार शतकांपूर्वीच मराठी झाला.

डोळ्याचे मात्र तसे झाले नाही. आपल्या घरांत देव्हाऱ्याच्या जागी लागलेली चित्रे पाहा. बागेत शिळेवर हात जोडून प्रार्थना करणारा ख्रिस्त बहुधा जर्मन चित्रकार हाइनरिख होफमान यांच्या चित्राची नक्कल असतो. मधाळ रंगाच्या लांब केसांचा, एका बाजूला पाहणारा ख्रिस्ताचा चेहरा वॉर्नर सालमन या अमेरिकी चित्रकाराने १९४० साली काढला. लोक याला 'खरा येशू' म्हणतात. आपण ज्यास प्राचीन व पवित्र परंपरा समजतो ती पुष्कळदा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची युरोप-अमेरिकेतील लोकप्रिय छपाई असते. रोमशी किंवा यरुशलेमशी तिचा संबंध फार थोडा.

कानाने स्वीकारले ते डोळ्याने का नाकारले? आम्हांस याचे एक कारण असे दिसते की गीत गाणारा स्वतः त्यात उतरतो. ओवी तोंडाने म्हटली की ती आपली होते. चित्रापुढे मात्र आपण हात जोडून उभे राहतो, आणि ज्याच्यापुढे हात जोडायचे तो आपल्यासारखा दिसू नये अशी एक जुनी समजूत आपल्या मनात घर करून आहे. शिवाय गोव्यात धर्मांतराबरोबर जुन्या मूर्तींशी नाते तुटले ते सक्तीने तुटले. सोळाव्या शतकात तेथील धर्माधिकाऱ्यांनी हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती प्रतिमा करवून घेण्यासही मज्जाव केला होता. त्याचा अंमल फारसा झाला नाही, हे जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात गेल्यास कळते. हस्तिदंतातील चिमुकला मेंढपाळ बाळ येशू पाहावा. गालाला हात लावून, डोळे मिटून तो बसला आहे, त्या ध्यानस्थ मुद्रेत बुद्धाची छाया अभ्यासकांना दिसते. कारागिराचा हात चोरपावलांनी आपली भाषा बोललाच. फोन्सेका हेच दिवसाढवळ्या, नाव घालून करू लागले तेव्हा बिघडले.

त्यांच्या चित्रांची भाषा कोठून आली, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकांना सांगताना आम्हांस विशेष आनंद होतो. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनी अजिंठ्यास मुक्काम ठोकून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांच्या मदतीला बंगालमधून जे तरुण आले त्यांत नंदलाल बोस होते. आपल्या वाघूर नदीच्या वळणावर, दिव्याच्या अपुऱ्या उजेडात, हजारो हातांच्या, बोटांच्या, झुकलेल्या मानांच्या रेषा नंदलालांच्या हाती बसल्या. त्या शांतिनिकेतनात गेल्या आणि तेथून जुव्याच्या विद्यार्थ्याकडे आल्या. फोन्सेकांची मरिया ज्या तऱ्हेने पापण्या खाली टाकते, बोटे जुळवते, कमरेतून किंचित वळते, ते पाहिलेल्याला अजिंठा ओळखू येतो. सतराव्या लेण्यात बुद्धासमोर भिक्षा घेऊन उभी असलेली माता व तिचा मुलगा आहेत. आई मुलाला हलकेच पुढे करते आणि दोघेही मान वर करून त्या प्रचंड आकृतीकडे पाहतात. मंदिरात बाळाला अर्पण करणाऱ्या मरियेचे चित्र ज्यास काढायचे आहे त्याने हा पाठ आधी गिरवावा. आपल्या धर्मग्रामांच्या सहली अजिंठ्याला दरवर्षी जातात. मुले माकडांना शेंगदाणे टाकून परत येतात.

रंगाची पद्धत बंगालच्या चित्रकारांची. पातळ जलरंग लावावा, कागद पाण्यात भिजवावा, सुकू द्यावा, पुन्हा रंग चढवावा. असे अनेक हात दिल्यावर रंग कागदावर बसल्यासारखा न वाटता कागदातून उगवल्यासारखा वाटतो. फोन्सेकांचे तपकिरी, गेरू, मंद हिरवे आणि संध्याकाळचे निळे रंग या रीतीने आलेले आहेत. त्यांत चकाकी नाही. तेजोवलयसुद्धा सोन्याच्या ताटासारखे वाजत नाही. बंगालच्या या पद्धतीचा एक दोष असा की तीत सारे धुक्यात विरघळते. आकृतीला हाडे उरत नाहीत. फोन्सेका या दोषातून बऱ्याच अंशी वाचले, कारण त्यांची बाह्यरेषा पक्की आहे. ती कापडाच्या घडीवरून फिरताना जराही अडखळत नाही. डोक्यावरचा पदर, अनवाणी पावले, काही चित्रांत कपाळीचे कुंकू. ही मरिया वेशांतर करून आलेली वाटत नाही. वेळांकणीच्या मातेला आपण खरी जरीची साडी नेसवतो आणि तेथे कोणी हरकत घेत नाही. पण त्या साडीच्या आत चेहरा परदेशीच असतो. फोन्सेकांनी साडीबरोबर चेहरा बदलला, उभे राहण्याची ढब बदलली, शांततेची जातही बदलली. भाविकांचा खरा अडथळा तेथे असावा.

१९५१ साली त्यांचा आयव्ही मेनेझिस यांच्याशी विवाह झाला आणि पुढील काळातील मरियेच्या मुखावर पत्नीची छाया दिसू लागली. काही सोवळ्या मनांना हे खटकते. आम्हांस खटकत नाही. इटलीच्या थोर चित्रकारांनीही आपल्या ओळखीच्या स्त्रियांचे चेहरे मॅडोनाला दिले. उलट या चित्रांत आधीच्या आदर्श मुखवट्याला एका माणसाचा श्वास मिळाला आहे.

आता थोडे कटू. फोन्सेकांच्या रंगीत प्रतिकृती आम्ही एकदा एका खेड्यातील प्रार्थना संपल्यावर स्त्रियांना दाखवल्या. वेदीमागे नवीन चित्र लावायचे घाटत होते. बहुतेकींनी 'छान आहे' म्हटले. एक वृद्ध आजी, आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेली, चित्र बराच वेळ डोळ्यांजवळ धरून बसली. मग म्हणाली, "फादर, ही माय देखणी हाये. पण ही वाड्यातली बाई वाटती. हिच्या हाताला कधी शेण लागलेलं दिसत न्हाई."

या एका वाक्याइतकी नेमकी समीक्षा आम्ही छापील पानांवर वाचलेली नाही. फोन्सेकांचा भारत कोणता? तो अजिंठ्याच्या राजवाड्यांतला, आश्रमाच्या सारवलेल्या अंगणातला, पांढरपेशा घराच्या तुळशीपाशी लावलेल्या दिव्यातला भारत आहे. त्यात कष्ट नाहीत, भूक नाही, तापलेले ढेकूळ नाही. राष्ट्रीय चळवळीच्या काळातील बहुतेक कलावंतांची भारतीयता अशीच अभिजनांकडून उसनी आणलेली होती, हे मान्य केले तरी ख्रिस्ती चित्रकाराला त्याचा जाब निराळा द्यावा लागतो. नाझरेथची मरिया सुताराच्या घरची होती. आणि मराठवाड्यात ज्यांनी ख्रिस्ताचा हात धरला ते बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरचे होते. युरोपच्या राणीच्या जागी सदाशिव पेठेतील सोज्ज्वळ गृहिणी येऊन बसली, तर त्यांच्या दृष्टीने किती अंतर कमी झाले?

तरीही प्रश्न येथेच मिटवून फोन्सेकांना मोडीत काढावे असे आम्ही म्हणणार नाही. ती आजी चित्राशी भांडली, हेच आम्हांस महत्त्वाचे वाटते. सालमनच्या ख्रिस्ताशी ती कधी भांडली नव्हती. त्याच्या हाताला काय लागले आहे, असे तिने कधी विचारले नाही, कारण तो तिच्या जगातला नव्हताच. फोन्सेकांनी मरियेला तिच्या इतके जवळ आणले की ती कोणत्या घरची, हे विचारता आले. पहिली पायरी ज्याने बांधली त्याला दुसरी का बांधली नाही असे विचारता येते, पण ते पहिलीवर उभे राहूनच.

दुसऱ्या पायरीकडे जाणारा एक गोवेकर होता. साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सोझा, जन्म १९२४. त्याचा १९५९ सालचा क्रूसावरील ख्रिस्त लंडनच्या टेट संग्रहात आहे. काळा, काटेरी, दात विचकलेला. त्यात वेदना आहे, संतापही आहे आणि चर्चविषयीचा राग तर उघडच आहे. पण स्पॅनिश संन्याशाची कसोटी येथे आठवते. त्या चित्रासमोर गुडघे टेकणे आम्हांस अवघड जाते. फोन्सेकांच्या चित्रासमोर जात नाही. शेण लागलेले हात आणि टेकलेले गुडघे, दोन्ही ज्यात सामावतील असे चित्र अजून कोणी काढायचे आहे.

संस्थांनी काय केले? बार्सिलोनाहून आलेले येशूसंघीय फादर हेरास यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फोन्सेकांची चित्रे जमवली आणि त्यांना धीर दिला. त्यांच्याच काळातील अँजेला त्रिंदाद यांना १९५५ साली पोपमहोदयांचे सन्मानपदक मिळाले. म्हणजे दूरच्या रोमला जे दिसले ते जवळच्या धर्मग्रामांना दिसेना. पुढे १९६३ साली व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीच्या आपल्या संहितेत स्पष्ट केले की ख्रिस्तसभेने कलेची कोणतीही एक शैली स्वतःची म्हणून मानलेली नाही आणि प्रत्येक लोकसमूहाच्या कलेला मंदिरात मोकळीक असावी. तेव्हा फोन्सेका एकसष्ट वर्षांचे होते. महासभेनंतर वेदीची दिशा बदलली, भाषा बदलली, आरती आली, समई आली. भिंती राहिल्या तशाच राहिल्या. नवीन चर्च बांधताना आम्ही धर्मगुरू मंडळी फरशीचा दर दहा दुकानांत विचारतो आणि मूर्ती व चित्रे मात्र सूचिपत्रातला क्रमांक पाहून मागवतो. आपल्या शहरात शासकीय कलामहाविद्यालय आहे. तेथून दरवर्षी हात तयार झालेले तरुण बाहेर पडतात, त्यांतल्या काहींची आडनावे आपल्या बाप्तिस्मा-नोंदवहीतही सापडतील. त्यांच्याकडे किती धर्मग्रामांनी एखाद्या चित्राचे काम दिले, याची चौकशी वाचकांनी आपापल्या चर्चमध्ये करावी.

एल ग्रेकोचे एक चित्र पुष्कळ काळ अज्ञात होते. एजियन समुद्रातील सिरोस बेटावरच्या चर्चमध्ये देवमातेच्या महानिद्रेची एक प्रतिमा होती. भाविक तिच्यापुढे मेणबत्त्या लावत, प्रार्थना करत. ती कोणाची, हे कोणास माहीत नव्हते आणि कोणाचे त्यावाचून अडलेही नव्हते. १९८३ साली तिच्यावरील सही वाचली गेली तेव्हा कळले की क्रीट सोडण्यापूर्वी तरुण दोमेनिकोसने ती रंगवली होती. फोन्सेकांची सही वाचायला इतके कष्ट पडत नाहीत. आयव्हीबाईंनी पतीची जपून ठेवलेली चित्रे गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चला दिली आणि तेथे ती नीट सांभाळली आहेत. संशोधक येतात, पाहतात, टिपणे घेतात. त्यांच्यापुढे मेणबत्ती लावण्याची सोय संग्रहालयात अर्थातच नसते.